राहून गेलेला गुरुवार

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी वरुड तालुक्यातला, वय ५९. साडेसहा एकर संत्रा, बाकी थोडी कपाशी-तूर. २०१८ च्या नोव्हेंबरात आम्हा बागायतदारांचा अभ्यास दौरा स्पेनला गेला होता. बाकीची गावं विसरलो, पण व्हॅलेन्सिया काही डोक्यातून जात नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याची झाडं, फळांनी लदलेली, अन् कोणी हात लावत नाही! मी एक तोडून खाल्लं तर तोंड कडूजहर झालं. गावाबाहेरच्या एका बगीच्यात म्हाताऱ्या मालकानं खिशातल्या चाकूनं संत्रा कापून दिला. त्याची भाषा मला येत नव्हती, पण त्यानं झाडाच्या बुडाशी बसून माती उकरून दाखवली ते सगळं समजलं. शेवटच्या दिवशी मोठ्या चर्चसमोर गाईड म्हणाला, इथं दर गुरुवारी बारा वाजता पाण्याचं कोर्ट भरतं. गुरुवारच होता. पण साडेअकरा वाजले होते अन् बस सुटायची होती. राहून गेलं. २०२४ मध्ये तिकडं पूर आला तेव्हा मोबाइलवर चिखलातल्या गाड्या पाहून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

यंदा सौदा बरा झाला, पैसेही सगळे आले. एकदा परत जावं म्हणतो, मंडळींनाही न्यावं. पोरगा म्हणते, "बाबा, पायलं ना एकदा, आता काऊन? त्या पैशात ठिबक नवं होते." मंडळी काही बोलत नाही. तिचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, तेही पाहावं लागेल. जावं का? जायचं तर कधी, कसं? अन् येताना कलम बांधायला तिथल्या झाडाच्या डोळ्यांच्या दोन काड्या आणता येतील का?

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

जा. पण आधी त्या डोळ्यांच्या काड्यांचं बोलून घेते, कारण अख्ख्या पत्रात तेवढीच गोष्ट बेकायदा आहे आणि ती तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच सरकवली आहे. काड्या आणायच्या नाहीत. बॅगेत नाही, मोज्यात नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून वहिनींच्या साडीच्या घडीत तर मुळीच नाही. बाहेर देशातून लागवडीचं काहीही आणायचं तर २००३ च्या केंद्र सरकारच्या आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना लागतो, तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि इथं आल्यावर ते रोप वेगळं ठेवून तपासलं जातं. हा नुसता कागदांचा खेळ नाही. व्हॅलेन्सियाच्या शेजारच्याच अलिकांते जिल्ह्यात २०१७ मध्ये झायलेला नावाचा जिवाणू बदामाच्या बागांत सापडला आणि हजारो झाडं उपटून काढावी लागली. असली एक काडी शेंदुरजना घाटच्या एखाद्या रोपवाटिकेत पोचली तर काय होईल? तिथली कलमं कुठं कुठं जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. उलट बाजूनंही तसंच. आपल्याकडे ग्रीनिंग नावाचा संत्र्याचा रोग घर करून बसलाय, त्यांच्या बागांत तो अजून शिरलेला नाही, म्हणून आपल्या झाडाचं पानसुद्धा त्यांना नको असतं. नवी जात पाहिजेच असेल तर नागपूरला अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था तुमच्या वाटेवरच आहे. तिथं विचारा.

हं, आता खरं बोलू.

तुमच्या पत्रात शहराबद्दल पुष्कळ आहे, पण वार एकच आहे. तुम्ही म्हणता व्हॅलेन्सियाला परत जायचंय. मला वाचताना वाटलं, तुम्हाला त्या गुरुवारी साडेअकराला बसमधून खाली उतरायचंय. तेव्हा आपण सगळा बेत गुरुवारपासून मागं मोजत करू.

तुमचं काय राहून गेलं ते सांगते. त्या मोठ्या चर्चच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या, एका दाराला 'प्रेषितांचं दार' म्हणतात. त्या दारासमोर गुरुवारी लोखंडी कठड्याच्या आत लाकडी खुर्च्या गोल मांडतात. बुरुजावरच्या घंटेचे बारा ठोके पडले की काळे डगले घातलेले आठ जण येऊन बसतात. हे वकील नाहीत, पगारी न्यायाधीश नाहीत. तुरिया नदीतून निघणाऱ्या जुन्या पाटांवरचे शेतकरी आहेत, आपापल्या पाटानं निवडून दिलेले. मग हातात पितळी आकड्याची काठी घेतलेला माणूस एकेका पाटाचं नाव पुकारतो: क्वार्त, मिस्लाता, फवारा, रोवेया... या पाटावरचा कोणी आरोपी आहे का? कोणी पुढं आलं नाही तर दुसरं नाव. बहुतेक गुरुवारी कोणीच पुढं येत नाही आणि पाच मिनिटांत सगळं आटोपतं. आलाच कोणी, की शेजाऱ्याच्या पाळीचं पाणी याच्या वावरात गेलं, पाट साफ केला नाही, फळी वेळेवर पाडली नाही, तर सगळा निवाडा तोंडी. कागद नाही, तारीख नाही, अपील नाही. अध्यक्ष कोणी बोलायचं ते हातानं दाखवत नाही, पायानं दाखवतो! हजार वर्षांची परंपरा सांगतात ते. २००९ मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्याच चौकात कारंजं आहे, त्यात एक धिप्पाड पुरुष आडवा झालाय, तो म्हणजे नदी, आणि भोवतीच्या आठ बाया म्हणजे तिचे आठ पाट. तुमचा फोटो त्या कारंज्यापाशी असणार, दौऱ्यावरच्या सगळ्यांचा असतो. पण त्या आठ बाया कोण हे बसच्या घाईत कोण सांगणार?

ज्या तालुक्यात बोअर हजार फुटांवर गेले आणि एकाचं पाणी लागलं की दुसऱ्याचं आटतं, तिथल्या माणसानं हे पाहायलाच पाहिजे असं माझं मत आहे. आपल्याकडे असं काही नव्हतंच असं नाही. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव घ्या, खानदेशातली फड पद्धत घ्या. ती कशी मोडत गेली हा वेगळा विषय, त्यात शिरले तर तुमचं विमान चुकेल.

कधी जायचं? दौऱ्याची माणसं तुम्हाला मार्च सांगतील. १५ ते १९ मार्चला तिथं फायास नावाचा उत्सव असतो, चौकाचौकांत मोठमोठे पुतळे उभे करतात आणि १९ च्या रात्री जाळून टाकतात. १ मार्चपासून रोज दुपारी दोनला फटाक्यांचा असा धडाका होतो की छाती हादरते. तरुण पोरांनी जावं. खोल्यांचे भाव तेव्हा आभाळाला भिडतात, चालायला जागा नसते, आणि तुम्ही चांगले ५९ चे आहात. एप्रिल-मे तर विचारूच नका. तिकडे फुलांचा वास शहरभर असतो हे खरं, पण इकडे आंबियाची, म्हणजे थंडीच्या शेवटी फुललेल्या बहाराची, फळगळ सुरू, विहीर तळाला, आणि तुमचं मन बगीच्यातच राहील.

तुम्ही आंबिया घेता असं धरून चालते (मृग, म्हणजे पावसाळ्यात फुलणारा बहार, घेत असाल तर पुढचं गणित उलटं करा). तुमचा बगीचा तुम्हाला सुट्टी कधी देतो? ताणावर असताना. तोड झाली, पाणी बंद, झाडं पिवळी पडू द्यायची, भारी जमिनीत महिना-दीड महिना काही करायचं नाही. वर्षभरात बागायतदाराला 'काही करू नको' असं झाडच सांगतं ते एवढंच. तो डिसेंबर. आणि डिसेंबरात व्हॅलेन्सियात फळं झाडावर असतात, तोड चालू असते, दुपारी सोळा-सतरा अंश, रात्री स्वेटर. म्हणजे आपलाच हिवाळा, फक्त उजाडायला आठ वाजतात. पहिलं हलकं ओलित द्यायच्या आत तुम्ही घरी असाल.

एक मेख आहे. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत ते पाण्याचं कोर्ट बसत नाही. ६ आणि ८ डिसेंबर तिथले सणाचे दिवस, तेव्हा गर्दी आणि भाव दोन्ही वर. उरतात ९ ते २२ डिसेंबर. या चौदा दिवसांत कुठल्याही वर्षी दोन गुरुवार येतातच. पहिल्या गुरुवारच्या आधी मंगळवारी पोचा, दुसऱ्या गुरुवारनंतर शुक्रवारी निघा. दोन गुरुवार यासाठी की एका गुरुवारी पाऊस येईल, ताप येईल, नाहीतर पुढं उभ्या असलेल्या उंच माणसाच्या पाठीपलीकडे काही दिसणार नाही. बाराला आहे म्हणून बाराला जाऊ नका. साडेअकराला कठड्याशी उभे राहा. मागच्या वेळी त्याच वेळेला तुम्ही तिथून निघाला होता.

सौदा करतानाच व्यापाऱ्याला सांगा, तोड नोव्हेंबरअखेर संपली पाहिजे. तो "हो भाऊ" म्हणेल. चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता वहिनी. तुमच्या पत्रात त्या तीन वाक्यांत आहेत: "मंडळींनाही न्यावं", "मंडळी काही बोलत नाही" आणि गुरुवारचा उपास. म्हाताऱ्या बागायतदाराच्या चाकूला यापेक्षा जास्त जागा मिळालीये. रागावू नका, पण त्या काही बोलत नाहीत याचा अर्थ तुम्ही काय लावलात? होकार? माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत 'ती काही बोलत नाही' हे वाक्य बहुधा नकाराच्या किंवा भीतीच्या जागी असतं. त्यांना विमानाची भीती असेल, गुडघे दुखत असतील, मुलाचं म्हणणं पटत असेल. किंवा त्यांना जायचंय, पण तुमच्या आठवणी ऐकायला नाही जायचं.

हे शेवटचं मी अनुभवानं सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी मी एकटी कामानिमित्त इस्तंबूलला राहून आले होते. काही वर्षांनी यांना घेऊन गेले. तेच हॉटेल, तीच एमिनोनूहून कादिकॉयला जाणारी बोट, बोटीवर तोच छोट्या पेल्यातला चहा. मी दोन दिवस अखंड बोलत होते: इथं तेव्हा हे होतं, तिथं ते होतं, थांबा अजून पुढं बघा. तिसऱ्या दिवशी सकाळी हे बूटच घालेनात. म्हणाले, "तू जाऊन ये. तू आल्यावर सांगशील, मला ते पाहिल्यासारखंच आहे." मी फणकाऱ्यानं एकटी गेले. संध्याकाळी परत आले तर हे हॉटेलखालच्या न्हाव्याशी खाणाखुणांनी गप्पा मारत बसलेले, दाढी गुळगुळीत, आणि पुढचे तीन दिवस मला एका मासळी बाजारात, एका पतंगवाल्याकडे आणि एका कबरस्तानात नेलं, जिथं मी आधी कधीच गेले नव्हते. चांगली सहल त्या तीन दिवसांची झाली.

म्हणून दहा दिवसांतले निम्मे वहिनींचे. त्यांना आधी शहर दाखवा, मोबाइलवर का होईना, पण तुमचे २०१८ चे फोटो बाजूला ठेवून. मला विचाराल तर त्यांना सेंट्रल मार्केट आवडेल. १९२८ चं आहे, उंच घुमटाचं, भाज्यांची अशी मांडणी की घरून पिशवी आणली असती तर बरं झालं असतं असं वाटावं. समोरच रेशमाचा जुना बाजार, पिळाच्या दोरासारखे दगडी खांब. आणि उत्तर स्थानक, १९१७ साली उघडलेलं रेल्वे स्टेशन, त्याच्या दर्शनी भिंतीवर संत्र्यांचे घोस आणि संत्र्याची फुलं. तुम्ही बसनं आला-गेलात, आत गेला नसाल. आत लाकडावर चिनीमातीच्या तुकड्यांत 'प्रवास सुखाचा होवो' असं अनेक भाषांत लिहिलंय. मराठीत नाही, ते वहिनी मनातल्या मनात म्हणतील. रस्त्यावरची फळं मात्र त्यांना तोडू देऊ नका. ती शोभेची कडू जात. तुम्ही एकदा खाल्लीत, पुरे.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं काय? डिसेंबरात ते यायचेच. मी पुरोहित नाही, पण तुमच्या दौऱ्यासाठी त्यांनी व्रत मोडावं असं मी सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. सकाळी टेबलावर घट मांडता येतो, तांब्या आणि पोथी घरून न्या. पाच फळं तिथल्या बाजारात सहज मिळतील, आंब्याचे डहाळे मिळणार नाहीत, त्याला त्या काहीतरी तोड काढतील. बाराला कोर्ट पाहून संध्याकाळी आरती. उपासाला तिथं ओर्चाता नावाचं थंडगार पांढरं पेय आहे, चुफा नावाच्या बारक्या कंदाला भिजवून, वाटून, साखर घालून करतात. शहराला लागून असलेल्या अल्बोराया गावात ते कंद पिकतात. दुधासारखं दिसतं, पण दूध नसतं. कंदमूळ म्हणून उपासाला चालेल की परदेशी म्हणून चालणार नाही, हा निकाल वहिनींच्या कोर्टात.

जेवणाचं थोडक्यात. वहिनी शाकाहारी असतील तर पाएया या शब्दाला भुलू नका, अस्सल व्हॅलेन्सियातल्या पाएयात कोंबडी आणि ससा असतो. भाज्यांची मिळते, पण भात कशाच्या पाण्यात शिजवला ते विचारा. दुपारचं जेवण दोनला, रात्रीचं नऊला, मध्ये तुमचे जीव कासावीस होतील, म्हणूनही स्वयंपाकघर पाहिजे. ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, तिखट, डाळ न्या. तूप, पेढे, खवा, दूध-दही आणि मांसाचं काहीही युरोपात नेता येत नाही. म्हणजे संत्रा बर्फीही गेली, तिच्यात खवा असतो. आणि नागपुरी संत्रा? प्रमाणपत्राशिवाय एक फळही नाही. मला माहितीये तुमच्या मनात काय होतं: त्या म्हाताऱ्याच्या हातात आपला संत्रा ठेवायचा आणि साल कशी सुटसुटीत निघते ते दाखवायचं. नाही जमणार, भाऊ. त्याऐवजी भंडाऱ्याकडचं टसर न्या, गळ्यात घालायचं उपरणं. ते एकेकाळचं रेशमाचं शहर आहे, कापडाला हात लावून त्यांना कळेल. सोबत तुमच्या बगीच्याचा बहारातला एक मोठा फोटो छापून.

तो म्हातारा सापडेल का, हे मी सांगू शकत नाही. दौरा ज्यांनी नेला त्यांच्याकडे कार्यक्रमाचा कागद असेल, बगीच्याचं नाव त्यात असेल, आत्ताच मागून ठेवा. आणि मनाची तयारी ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ चा पूर मुख्यतः शहराच्या दक्षिणेकडच्या गावांवर आला, पाइपोर्ता, कातारोखा, अल्फाफार. त्या जिल्ह्यात दोनशेहून जास्त माणसं गेली. तुमचा बगीचा त्या बाजूला होता की कसं, हे पत्रात नाही. जुनं शहर मात्र वाचलं, आणि का वाचलं ते तुम्ही चालून पाहू शकता. १४ ऑक्टोबर १९५७ ला तुरिया नदी शहरात घुसली होती. त्यानंतर त्यांनी नदीच शहराबाहेर, दक्षिणेला नव्या पात्रात वळवली. जुन्या कोरड्या पात्राचा आता नऊएक किलोमीटरचा बगीचा झालाय, जुने पूल वर तसेच, खाली माणसं सायकली चालवतात. गुडघे साथ देतील तेवढा रोज एक-एक तुकडा चाला. पण नवं पात्र शहर वाचवतं आणि त्याच्या पलीकडची गावं पलीकडेच राहतात, हेही २०२४ ला दिसलं.

तुम्हाला दोन दिवस जेवण का गोड लागलं नाही, याचा मी विचार केला. तुमच्या शेजारी, नरखेड तालुक्यातलं मोवाड. ३० जुलै १९९१. वर्धा नदी. दोनशेहून अधिक माणसं एका सकाळी गेली. तुम्ही तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर असाल, मदतीला गेलाही असाल. त्यांनी नदी हलवली, आपण गाव हलवलं. त्या कोरड्या पात्रात वहिनींसोबत बसाल तेव्हा मोवाडचं बोला, पहिल्या दौऱ्याचं नका बोलू.

पैसे आणि पोरगा. पोरगा चुकत नाहीये. दोघांचं दहा रात्रींचं, विमान, व्हिसा, विमा, खोली, जेवण आणि रेल्वे मिळून साडेतीन ते चार लाख धरा, माझा अंदाज जरा सैलच आहे. कर्ज काढून किंवा पुढच्या सौद्याच्या विसारावर हा बेत करत असता तर मी पहिल्याच ओळीत नाही म्हटलं असतं. विसार म्हणजे पैसे नव्हेत, हे तुमच्या भागात सांगायला नको. पण तुमच्या खात्यात पूर्ण रक्कम आहे. मुलाला आकडा सांगा. "जाऊन येतो" असं मोघम सांगितलं की पोरांना ते दहा लाख वाटतात. ठिबकला किती लागतात ते त्याच्याकडून लिहून घ्या, दोन्ही आकडे एका कागदावर मांडा. दोन्ही बसत नसतील तर यंदा ठिबक आणि पुढच्या डिसेंबरला व्हॅलेन्सिया. गुरुवार तिथंच आहे. आणि तुम्ही नसताना बगीचा त्याच्याकडे राहणार आहे, तेव्हा "आता काऊन?" याचं उत्तर त्याला द्यावंच लागेल. माझ्या पत्रानं नाही.

कागदपत्रं आत्तापासून. तुमचा पासपोर्ट २०१८ चाच असेल तर मुदत बघा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक पाहिजेत. तेव्हा दिलेले बोटांचे ठसे आता चालणार नाहीत, ते ५९ महिनेच धरतात, म्हणून दोघांनाही अर्ज केंद्रावर स्वतः जावं लागेल. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निकालाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसही. तेव्हा सप्टेंबर उजाडू देऊ नका. फी माणशी ९० युरो, नाकारला तरी परत मिळत नाही. प्रवास विमा ३० हजार युरोचा लागतो, तो नाहीतरी घ्यावाच.

शेतकऱ्याची खरी अडचण उत्पन्न दाखवण्याची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून पुष्कळांकडे रिटर्नच नसतं, आणि खात्यात वर्षभर शुकशुकाट, मग एकदम मोठी रक्कम. अर्ज तपासणाऱ्याला वाटतं कोणाकडून तरी आणून भरली. म्हणून सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, सौद्याची चिठ्ठी आणि त्याच तारखांची बँकेची पासबुक नोंद, असा एकमेकांना जुळणारा गठ्ठा करा आणि सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडा. पैसे रोखीत घेतले असतील तर... पुढच्या वेळी खात्यात घ्या. सोबत एक साधं पत्र: साडेसहा एकर संत्रा आहे, मुलगा पाहतो, जानेवारीत ओलित सुरू करायला परत यायचं आहे. परत येण्याचं याहून चांगलं कारण त्यांना कोणी देणार नाही.

विमान मुंबई-दिल्लीहून किंवा नागपूरहून आखातातून जोडणी मिळाली तर तशी घ्या, मॅड्रिडला उतरा, तिथून वेगाची रेल्वे दोन तासांच्या आत व्हॅलेन्सियात पोचवते. उतरल्यावर सीमेवर आता शिक्क्याऐवजी यंत्रावर चेहरा आणि ठसे घेतात, रांग लांबते, तेव्हा विमान आणि रेल्वे यांच्यात चार-पाच तास सोडा. उरलेल्या एका दुपारी अल्बुफेरा सरोवराला जा. शहरापासून दहाएक किलोमीटर, भोवती भाताची शेतं, हिवाळ्यात ती पाण्यानं भरून ठेवतात आणि सरोवर कुठं संपलं ते कळत नाही. संध्याकाळची होडी घ्या.

आणि वहिनींचा पासपोर्ट नव्यानं काढावा लागेल. बायांच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि रेशनकार्डावर तिसरंच काही, असं हटकून असतं. आधी ती नावं जुळवा, त्यात महिना जाईल. मग नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाची वेळ घ्या, पडताळणीला पोलीस ठाण्यातून माणूस येईल. अर्ज भरायला तालुक्याच्या सेवा केंद्रात जाल तेव्हा त्यांना सोबत न्या. आणि जायच्या आधी, घरी, मुलगा वावरात गेला असताना, त्यांना विचारा की तुला यायचं आहे का. त्या अर्जावर सही त्यांची लागते, तुमची चालत नाही.

तुमची
ताई